वीस टक्के शिल्लक

पसारा मला सोसत नाही. आमच्या घरी हा थट्टेचा विषय आहे. भिंतीवर कॅलेंडर एकच हवे, टेबलावर पेन एकच हवे, असा माझा हट्ट. आमची ही म्हणते, "एक दिवस तुम्ही दाराची कडीसुद्धा जास्तीची म्हणून काढून टाकाल." वाचकहो, कडी मी अजून काढलेली नाही, पण त्याच जातीची एक चूक माझ्या हातून घडली.

माझ्याजवळ एक जुना लॅपटॉप आहे. तो फार मंद झाला, तेव्हा इंजिनियरिंगला असलेल्या पुतण्याने त्यावर लिनक्स बसवून दिले. लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली, कोणालाही फुकट वापरता येणारी प्रणाली. तिच्यावर नेहमीचा सजवलेला पडदा न घालता 'आयथ्री' नावाचा, २००९ साली निघालेला एक अगदी साधा खिडकी-व्यवस्थापक घातला. त्यात चित्रे नाहीत, मेनू नाही. लिहिण्याची खिडकी तेवढी पडदाभर पसरते. खाली एक बारीक पट्टी होती. तीवर तारीख, वेळ आणि बॅटरीचा आकडा दिसे. मी म्हटले, "हीसुद्धा काढ." पुतण्या जरा घुटमळला. "काका, बॅटरी कशी कळणार?" मी म्हटले, "घरात वीज आहे की!" पट्टी गेली. सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ पडदा पाहून मला कोण आनंद झाला!

मागच्या दिवाळीत आम्ही राणीसावरगावला गेलो. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात हे गाव आहे. परभणी-परळी लोहमार्गावर गंगाखेडला उतरावे आणि पुढे एसटी धरावी. गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. तिचे नाव काढले की जाते आठवतेच. आणि माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. वय सत्त्याऐंशी. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात सामील झाले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या काळातल्या आपल्या आईच्या ओव्या तिला पाठ आहेत.

हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन या दोघांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या वर गेला. हे वाचल्यापासून मनात होते, की आपल्या घरातल्या ओव्या आपण का लिहून ठेवू नयेत?

भाऊबीजेच्या संध्याकाळी आत्या ओसरीवर बसली आणि सांगू लागली. मी टंकित करीत होतो. थोड्याच वेळात वीज गेली. सुनेने कंदील आणून ठेवला. माझा पडदा उजळतच होता, तेव्हा मी कशाला थांबतो! आत्याही रंगात आली होती. एकोणीस ओव्या झाल्या. विसावीचा पहिला शब्द लिहितो तोच पडदा काळा पडला. ना आवाज, ना सूचना. आणि फाइल जतन करण्याची बुद्धी मला सबंध संध्याकाळभर झाली नव्हती.

"काय रे बाबा, इझलं का तुजं यंत्र?" आत्याने विचारले.

"हो आत्या. सगळं गेलं."

"जाऊ दे. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी ती सांगायला बसली. अकरा ओव्या आल्या आणि गाडी अडली. "बाबा, जात्याबिगर न्हाई येत रे," ती म्हणाली. परसात पडलेले जाते आम्ही धुऊन ओसरीवर आणले, खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घातली. हात फिरू लागला तशा आणखी पाच आल्या. मग मात्र जाते नुसतेच फिरत राहिले. तीन ओव्या आल्या नाहीत. ती उगीच हसली आणि म्हणाली, "ऱ्हायल्या कुटंतरी." मला तिच्याकडे पाहवेना.

पुण्याला आल्यावर पुतण्याला बोलावून घेतले. तो मला बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने समजावून सांगितले ते असे: नेहमीच्या संगणकात इशारा देणारा एक नोकर आपोआप ठेवलेला असतो. तुम्ही सगळे नोकर काढून टाकलेत, तेव्हा तोही गेला. शिवाय बॅटरी जुनी. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिची साठवण आटते, आणि शेवटी शेवटी दाब एकाएकी घसरतो. नव्या बॅटरीचे वीस टक्के म्हणजे बराच वेळ. जुनीचे वीस टक्के म्हणजे काही मिनिटे.

उपाय मात्र सोपा निघाला. लिनक्सच्या पोटात एका ठिकाणी 'कपॅसिटी' नावाची इवलीशी फाइल असते. तीत एकच आकडा: बॅटरी किती टक्के उरली. शेजारच्या 'स्टेटस' फाइलमध्ये एकच शब्द: बॅटरी भरते आहे की उतरते आहे. पुतण्याने आठ-दहा ओळींची आज्ञावली लिहिली. दर मिनिटाला ती या दोन्ही फाइली वाचते. बॅटरी उतरत असेल आणि आकडा वीसच्या खाली गेला, तर पडद्यावर एक चौकट येते. दहाच्या खाली गेला, तर लाल चौकट येते, आणि ती आपण हाताने बाजूला सारीपर्यंत जात नाही. पाचावर आला, की यंत्र चालू काम डिस्कवर उतरवून स्वतःच झोपी जाते.

पहिल्या परीक्षेत गंमत झाली. आकडा बारावर आला तरी पडदा कोराच! शोध करता कळले, की दर मिनिटाला उठणारा 'क्रॉन' नावाचा पहारेकरी पडद्यामागे काम करतो. समोर कोण बसले आहे, निरोप कुठल्या पडद्यावर द्यायचा, हे त्याला ठाऊक नसते. पोस्टमन निघाला खरा, पण पाकिटावर पत्ताच नाही! पत्ता लिहून दिल्यावर चौकट बिनचूक दिसू लागली.

मी विचारले, "घंटा का नाही वाजवायची?" जुन्या टंकयंत्राला घंटा असे. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले. तसल्याच एका यंत्रावर आमच्या कचेरीत माझा हात बसला. ओळ संपायला चार-सहा अक्षरे उरली की घंटी वाजे. ओळ संपल्यावर ती कधी वाजत नसे. शब्द पुरा करण्यापुरती सवड देऊन वाजे. पुतण्या म्हणाला, "सवड ठेवूच. पण काका, आजी गात असताना यंत्र किणकिणलं तर?" पोराने माझ्यापेक्षा पुढचे पाहिले होते. इशारा मुकाच ठेवला. शब्द मात्र मी निवडले: 'वीस टक्के शिल्लक. तार लावा.'

बारीक पट्टीही परत आली. स्वच्छ अंगण मला अजून आवडते. पण अंगणात तुळशीपुढे पणती असावी लागते, हे मला या वयात कळले.

यंदा पुन्हा राणीसावरगावला जाऊन आलो. आत्या आता लवकर थकते. चार ओव्या झाल्या असतील, तोच पडद्यावर चौकट उमटली. मी हात थांबवला. तिने विचारले, "काय म्हनतंय ते?"

"तेल संपत आलं, म्हणतंय."

"शहाणं झालं की!" आत्या म्हणाली. "आमचा कंदील बी आधी काजळी धरायचा, मग वात फडफडायची. म्या त्याच्याकडं बगूनच दळण आवरतं घ्यायची. लाव बाबा तार. म्या थांबते."

मी तार लावली, फाइल जतन केली आणि मगच पाचवी ओवी लिहून घेतली. वाचकहो, तुमच्या संगणकावर अशी चौकट आपोआप येत असेल. ती माशीसारखी उडवून लावू नका. निदान आधी फाइल जतन करा.

माझ्या वहीत आता सदतीस ओव्या आहेत. सतरा, अठरा आणि एकोणीस हे आकडे घालून समोरच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. आत्या दळायला बसली, की मी ते पान उघडून ठेवतो.