दूधराज दारी आला तर…

वाचकहो, गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या इंदूरच्या कॉलनीतल्या कडुलिंबात सकाळी पांढरं काहीतरी हललं. मला वाटलं, पतंगाची शेपटी अडकली असेल. तेवढ्यात काळंभोर, तुरेवालं डोकं वळलं. स्वर्गीय नर्तक! हिंदीतला दूधराज, आमच्या मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी. इतकी वर्षं इथे राहते, पण कॉलनीत तो पहिल्यांदाच दिसला.

शरीर बुलबुलाएवढं, पण नराच्या शेपटीची दोन पिसं त्याहून लांब. पांढराशुभ्र नर वयाने मोठा असतो. तरुण नर तांबूस. मादीही तांबूस, पण तिला लांब शेपटी नसते. त्यामुळे बुलबुल समजून तिच्याकडे आपलं सहज दुर्लक्ष होतं. हवेतल्या हवेत किडे टिपणारा हा पक्षी गर्द सावली आणि पाण्याची जागा शोधतो.

मी दोन चुका केल्या. पहिली, पाहायचं सोडून फोन आणायला धावले. दुसरी, कॉलनीच्या ग्रुपवर लगेच कळवलं. दुसऱ्या दिवशी झाडाखाली गर्दी. एकाने तर मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवला. अशा आवाजाने पक्ष्याला वाटतं, दुसरा नर आला. खाणं सोडून तो त्यालाच शोधत बसतो. तिसऱ्या दिवशी तो दिसला नाही. गर्दीमुळे गेला, की पुढच्या प्रवासाला निघाला, कोण सांगणार? पण ती रुखरुख राहिली.

म्हणून तुम्हाला सांगते. अनोळखी पक्षी दिसला, तर आधी जागेवरच थांबा. डोकं, चोच, शेपटी, रंग नीट पाहा. मग तारीख, वेळ, झाड आणि तो काय करत होता, ते वहीत लिहा. ‘ई-बर्ड’वर नोंद करा, फोटो नसला तरी वर्णन चालतं. घरटं दिसलं, तर मात्र जागा कोणालाही सांगू नका. माणसांची वर्दळ वाढली, तर पक्षी अंडी टाकून जाऊ शकतात. आणि झाडांवर कीटकनाशक मारू नका. ते किडेच त्याचं जेवण.

यंदाही मी कडुलिंबाच्या सावलीत पाण्याची उथळ परात ठेवलीय, रोज धुऊन भरते. तो पुन्हा आला, तर फोन घरातच राहील.

तुमच्या अंगणात असा कोणता पाहुणा पहिल्यांदाच आला होता? जरूर कळवा.