आर्थरची वसुली आणि माझी

गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे जरांगे पाटलांची अंतरवाली?" हो, तीच. अंबड तालुक्यातली अंतरवाली सराटी. २९ ऑगस्ट २०२३ ला उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून गावात कॅमेरेच कॅमेरे. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला एका गेमबद्दल लिहायचंय. हसू नका.

मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना कम्प्युटर आमच्या घरी ठेवून गेला. त्यात 'रेड डेड रिडेम्प्शन २' होता. २०१८ चा गेम, म्हणजे मी हातात घेतला तेव्हा जुनाच. काळ १८९९ चा, देश अमेरिका, आणि आपण आर्थर मॉर्गन नावाच्या दरोडेखोराच्या अंगात. घोडा, बंदूक, डोंगर, बर्फ. अम्मी म्हणायची, दिवसभर गाडीवर फिरतोस आणि रात्री परत घोड्यावर!

दिवसभर मी गाडीवर फिरायचो ते वसुलीसाठी. एका फायनान्स कंपनीत होतो. बायकांचे गट, आठवड्याचे हप्ते, सेंटर मिटिंग. एकीचा हप्ता थकला की बाकीच्यांनी भरायचा, म्हणून धमकी द्यायचं काम अर्धं गटच करून टाकतो. उरलेलं आम्ही.

आर्थरच्या टोळीत स्ट्रॉस नावाचा एक सावकार आहे. तो गरजूंना पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. एका पोलिश शेतकऱ्याला इंग्रजी येत नाही. त्याच्या घरातल्या वस्तू आपणच शोधून उचलायच्या. मग थॉमस डाउन्स. आजारी माणूस, बायको आणि मुलगा घरी. आर्थर त्याला मारतो, तो खोकतो आणि रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. क्षय. त्या काळी त्यावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. डाउन्स मरतो, कर्ज मात्र मरत नाही. ते त्याच्या विधवेकडून वसूल होतं. आणि आर्थर स्वतः हळूहळू खोकू लागतो.

या पात्रासाठी जगभरची पोरं रडली. रॉजर क्लार्कने आवाज आणि अभिनय इतका जीव ओतून केलाय की त्याला २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला. बहुतेक जण म्हणतात, वाईट माणूस शेवटी चांगला होतो म्हणून रडू येतं. मला हे पटत नाही. तसे तर शंभर सिनेमे आहेत. सिनेमात मारणारा दुसरा कुणी असतो. इथे डाउन्सला मारायचं बटण मी दाबलं होतं. आणि खरं सांगायचं तर दाबताना मला काहीच वाटलं नाही. टास्क होता, पूर्ण केला. कंपनीच्या ॲपवरही असंच असतं: नाव, रक्कम, हिरवी टिक.

गेममध्ये 'ऑनर' म्हणून एक काटा आहे. रस्त्यात भेटेल त्याला सलाम करा, पकडलेला मासा परत पाण्यात सोडा, काटा वर जातो. इथे गेम फारच स्वस्तात सोडतो, असं माझं मत आहे. अर्थात आपल्याकडे तरी काय वेगळं? आठवडाभर लोकांची दारं वाजवायची आणि जुम्याला डब्यात वीस रुपये टाकून मोकळं व्हायचं. ज्याचा हक मारला त्याला तो परत द्यावा लागतो, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. व्याजाच्या गुनाहबद्दलही ऐकतो. फक्त नोकरी धरताना आठवत नाही. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं घरी बसलेल्या पोराला आठवून परवडतही नाही.

गेम जिथे खरा होतो ती जागा वेगळी आहे. मरायला टेकलेला आर्थर कर्जं माफ करतो, स्ट्रॉसला तळावरून हाकलून देतो. (हाच स्ट्रॉस पुढे पकडला जातो, पण टोळीबद्दल एक शब्द न बोलता मरतो. माणसं अशी सरळ कुठे असतात?) मग डाउन्सची विधवा एडिथ त्याला एका खाणीच्या गावात दिसते. पोटासाठी देह विकतेय, मुलगा खाणीत. आर्थर मदत करायला जातो आणि ती त्याला झिडकारते. तिच्या जागी मी असतो तर मीही झिडकारलं असतं. ते बघून मी कम्प्युटर बंद केला आणि झोप आली नाही.

कारण गोदाकाठच्या एका गावात मीही असाच गेलो होतो. मावशीचे तीन हप्ते थकले होते, घरधनी वारलेला. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमात सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराला फोनसुद्धा करायचा नाही, असं आहे. मी रात्री आठला तिच्या उंबऱ्यावर बसलो होतो. नियम ट्रेनिंगमध्ये सांगितला होता. टार्गेट रोज सांगायचे. तिचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाराला टेकून उभा होता. त्याच्यासमोर मी काय बोललो ते इथे लिहवत नाही. ती शेजारून पैसे घेऊन आली. मी टिक केली.

नोकरी सोडली ती काही लगेच नाही. आणखी चार महिने केली, हेही सांगायला हवं. सोडल्यावर दोन हजार रुपये घेऊन तिच्याकडे गेलो. तिने पाणी दिलं. पैसे घेतले नाहीत.

म्हणाली, "ते तुझं काम होतं, बाबा. पण लेकरासमोर बोललास."

मुलगा ओट्यावर अभ्यास करत होता. त्याने मला ओळखलं आणि वही उचलून आत गेला. पैसे अजून माझ्या कपाटात तसेच आहेत. त्याची शाळा जूनमध्ये सुरू होईल, तेव्हा परत जाणार आहे.