दर्यावरचा रिकामा दिवस

बोटीच्या सफरीत जमीन न दिसणारे दिवस रिकामे असतात, हा समज आता आमच्या जालन्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. समुद्र येथून सुमारे चारशे किलोमीटर दूर, पण बियाण्याच्या नि लोखंडाच्या धंद्यात चार पैसे मिळवलेली मंडळी हल्ली मुंबईहून, सिंगापूरहून बोटीत बसतात आणि परतल्यावर गांधी चमनापाशी सांगत सुटतात, "दर्यावर काही कामच नव्हते हो, नुसता आराम!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की त्याचा समाचार घेणे भाग आहे. काम नव्हते? कुणाला?

मीही अशा एका बोटीवर सोळा दिवस होतो. त्यातले नऊ दिवस चोहीकडे पाणीच. पहाटे डेक धुतला जाई, मग चहा, न्याहारी, अकराला काही खारे-गोड, दुपारचे जेवण, चारचा चहा, रात्रीचे जेवण, आणि झोप न येणाऱ्यांसाठी मध्यरात्री पुन्हा ताटे. (समुद्राचे पाणी गोडे करून दोन वेळा मनसोक्त आंघोळ करणारे जालनेकर पाहून मला घरचा कोरडा नळ आठवे, पण तो विषय वेगळा.) बंदर आले की पुष्कळ उतारू गाव पाहायला जातात आणि मुदपाकखाना जरा श्वास घेतो. दर्यावर कोण कुठे जाणार? सारी तोंडे बोटीवरच. म्हणजे तुमचा जो रिकामा दिवस, तोच वाढप्याचा सर्वांत भरलेला दिवस! कंपनीचाही तोच कमाईचा; कारण बंदरात बहुधा बंद ठेवावी लागणारी दुकाने नि जुगाराची टेबले खुल्या समुद्रातच उघडतात.

कायदा नाही काय? आहे. 2006 चा सागरी श्रम करार भारताने 2015 मध्ये स्वीकारला. त्यात कामाचे तास मोजण्याऐवजी विश्रांतीचे तास मोजण्याची मुभा आहे: दिवसाला किमान 10, आठवड्याला किमान 77. आठवड्याचे तास 168. वजाबाकी वाचकांनीच करावी आणि मग 'आराम' हा शब्द उच्चारावा.

फेब्रुवारी 2020 मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट जपानात योकोहामाला अडकली, तेव्हा तर पडदाच दूर झाला. बोटीवर 3,711 माणसे. पैकी 712 जणांना कोरोनाची बाधा झाली. उतारूंना सांगितले, खोलीबाहेर पडू नका. मग त्यांच्या दारापर्यंत ताटे कोण नेत होते? तेच नोकर, जे स्वतः खाली दाटीच्या खोल्यांत झोपत होते. त्यांत शंभरावर भारतीय होते. ही परंपरा जुनीच. पी. अँड ओ.च्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या वाढायला गोव्याची माणसे आणि डेकवर रत्नागिरीचे खलाशी असत.

खरे तर हे सारे जालन्याला समजायला हवे. दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगीकडची बिऱ्हाडे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. म्हातारी नि पोरे मागे राहतात. बोटीवरचा वाढपीही आठ-नऊ महिन्यांचा करार करूनच निघतो. मला वाढणाऱ्या पोराच्या बापाने नोकरीसाठी दलालाला द्यायला शेत गहाण टाकले होते. करारात नोकराकडून अशी दलाली घ्यायला बंदी आहे, हे त्या बापाला कोण सांगणार?

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ बोटींवर रोजची बक्षिसी उतारूच्या बिलात आपोआप चढते, आणि खिडकीवर जाऊन ती काढूनही टाकता येते. शेवटच्या रात्री त्या खिडकीपुढे आमची मराठी माणसे रांग लावून उभी असलेली मी पाहिली. त्यांचा युक्तिवाद असा: पगार देणे कंपनीचे काम, आम्ही का द्यावे? पहिला अर्धा मला शंभर टक्के मान्य आहे. पण तुम्ही बक्षिसी काढलीत म्हणून कंपनी पगार वाढवीत नाही. तिचे काही जातही नाही. जाते ते त्या पोराचे. कंपनीशी भांडायचे तर तिकीट काढताना भांडा की! तेव्हा तुम्ही खिडकीची खोली मिळेल का, एवढेच विचारता. त्याच दमात विचारा, बक्षिसी तिकिटात धरली आहे का आणि ती नेमकी कुणाच्या हाती पडते. उत्तर मिळाले नाही, तर तिकीट दुसरीकडे काढा.