वायटूकेची मंडळी आणि २०३३ साल

आपल्या मंडळाच्या यादीवरून नजर फिरवली तर निदान निम्मी घरे अशी निघतील की ज्यांना या देशात दोन आकड्यांनी आणले. वर्ष लिहिताना पूर्वीच्या प्रोग्रॅमर मंडळींनी १९ गाळून नुसते ७४ किंवा ८२ लिहिले, आणि २००० साल उजाडताच सगळे संगणक बुचकळ्यात पडणार असे लक्षात आले. मग पुण्या-मुंबईहून विमाने भरभरून कोबोल जाणणारे आले, आणि १ जानेवारी २००० ला काही म्हणजे काही झाले नाही. लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. पण काही झाले नाही ते आधी चार-पाच वर्षे लोक रात्री जागले म्हणून, हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको.

गंमत पहा. त्या वेळी तिशीत असलेली ही मंडळी आता निवृत्तीच्या दारात आहेत. १९६६ साली जन्मलेला माणूस २०३३ साली ६७ वर्षांचा होईल आणि त्याला पूर्ण सोशल सिक्युरिटी लागू होईल. आणि नेमके तेच साल दुसऱ्या एका कागदावर छापलेले आहे. सोशल सिक्युरिटीच्या विश्वस्तांनी जून २०२५ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार निवृत्तांचा राखीव निधी २०३३ मध्ये संपतो. मेडिकेअरच्या हॉस्पिटल खर्चाच्या निधीचेही तेच साल.

घाबरून जाऊ नका. निधी संपला म्हणजे चेक बंद, असे नाही. रोज जमा होणाऱ्या करातून ७७ टक्के रक्कम देता येईल, असे तोच अहवाल सांगतो. म्हणजे ज्याचा हिशेब महिना २,००० डॉलर्सचा, त्याच्या हाती १,५४० येतील. काँग्रेसने काही केले नाही, तर कायद्यानुसार ही कपात आपोआप होईल. त्यासाठी कोणी मतदानही करायचे नाही.

आपल्यापैकी अनेकांचा समज असा की पगारातून कापले जाणारे ६.२ टक्के आणि मालकाचे तेवढेच, हे आपल्या नावाने प्रॉव्हिडंट फंडासारखे कुठेतरी साठताहेत. तसे नाही. आज तुमचे कापलेले पैसे मुख्यतः आजच्या आजी-आजोबांना जातात. ही प्रचंड मोठी भिशी आहे. पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना मिळाला. त्यांनी एकूण भरले होते २४.७५ डॉलर्स, आणि शंभराव्या वर्षापर्यंत जगून घेतले २२,८८८.९२. अशा परताव्याची जाहिरात आपल्याकडच्या पेपरात आली असती तर सेबीने दुसऱ्या दिवशी नोटीस धाडली असती! १९५० साली एका निवृत्तामागे सोळा-सतरा जण भिशी भरत होते. आता तीनही नाहीत.

आता राजकारण्यांनी काय केले ते पाहू. फेब्रुवारी २०२५ मध्ये इलॉन मस्क यांनी दीडशे वर्षांची माणसे यादीत सापडल्याचे जाहीर केले. यादीत नाव असणे आणि चेक जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डेटाबेस हाताळणाऱ्या कोणालाही कळते. खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलनी २०२३ मध्येच लिहिले होते की शंभरच्या आसपास किंवा पुढे गेलेल्या सुमारे १ कोटी ८९ लाख नावांपुढे मृत्यूची नोंद नाही, पण त्यातल्या जवळजवळ कोणालाच पैसे जात नाहीत. मूळ दुखणे राहिले बाजूला, आणि चर्चा भुतांची झाली.

जानेवारी २०२५ मध्ये बायडन यांनी सही केलेल्या कायद्याने, ज्यांना इतरत्र पेन्शन आहे त्यांची इथली कपात रद्द झाली. भारतातली पेन्शन घेणाऱ्या काही ज्येष्ठांचाही त्यात फायदा झाला. जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या कायद्याने ६५ च्या पुढच्यांना २०२८ पर्यंत ६,००० डॉलर्सची जादा वजावट दिली. आश्वासन होते सोशल सिक्युरिटीवरचा करच काढण्याचे. पण तो कायदा ज्या वाटेने संमत झाला, त्या वाटेवर सोशल सिक्युरिटीला हात लावायला बंदी आहे, म्हणून वयाचा आडमार्ग काढला. दोन्ही पक्षांनी ज्येष्ठांना खूश केले. दोन्ही वेळा निधी रिकामा होण्याची तारीख मात्र थोडी अलीकडे आली. हौदाला भोक पडलेले असताना दोघांनी एकेक तोटी उघडून दिली, एवढेच.

हे पूर्वी एकदा निस्तरले गेले आहे. १९८३ साली निधी संपायला काही महिने उरले असताना रेगन आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे स्पीकर टिप ओनील यांनी तडजोड केली. निवृत्तीचे वय ६५ वरून ६७ झाले, पण ते इतके सावकाश की पूर्ण ६७ लागू झाले ते १९६० आणि नंतर जन्मलेल्यांना. सावकाश झाले म्हणून रस्त्यावर कोणी उतरले नाही. हे औषध आधी घेतले तरच सोसते. विश्वस्तांचा हिशेब सांगतो की २०२५ मध्येच कर वाढवला असता तर ३.६५ टक्क्यांची वाढ पुरली असती. २०३४ पर्यंत थांबल्यास ४.२७ लागेल.

माझे मत विचाराल तर आधी पगाराची मर्यादा वाढवा. २०२६ मध्ये १,८४,५०० डॉलर्सच्या पुढच्या पगारावर हा कर लागत नाही. आमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जणांचा पगार शरद ऋतूत अचानक फुगतो, तो त्यामुळेच. ती दिवाळी भेट मलाही आवडते. पण कोणाचे तरी ७७ टक्के व्हायचे असतील, तर ती सोडायला आपल्यासारख्यांनी आधी तयार व्हावे.

तोपर्यंत घरचा हिशेब दोनदा करावा, एकदा १०० टक्क्यांनी आणि एकदा ७७ टक्क्यांनी. सोशल सिक्युरिटीच्या वेबसाइटवर खाते उघडून आपली कमाई नीट नोंदली आहे ना, आणि चाळीस क्रेडिट्स, म्हणजे सुमारे दहा वर्षांची नोकरी, पूर्ण झाली आहेत ना, तेही पाहून ठेवावे.

२०२६ च्या निवडणुकीतल्या सिनेटरची मुदत जानेवारी २०३३ मध्ये संपते. बिल टेबलावर यायच्या आत उठून जाण्याची सोय! म्हणून आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला दीपप्रज्वलनासाठी उमेदवार येतात, हात जोडून “नमस्ते” म्हणतात, तेव्हा शाल-श्रीफळ देता देता विचारावे, “साहेब, २०३३ ची दुरुस्ती कधी सुरू करताय?” ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांना मत नसेल, पण कर ते भरतातच. प्रश्न विचारायला तेवढे पुरे.