थैलीचे तोंड कोणासाठी उघडते?

अर्थमंत्री संसदेत काय घेऊन आले, याची चर्चा दरवर्षी त्यांनी काय मांडले याच्या आधी होते. १९४७च्या नोव्हेंबरात स्वतंत्र भारताचे पहिले अंदाजपत्रक मांडणाऱ्या षण्मुखम् चेट्टी यांच्या हाती चामड्याची पेटी होती. २०१९ साली तिची जागा लाल कापडात बांधलेल्या वहीखात्याने घेतली आणि २०२१ साली त्या लाल आवरणात टॅब्लेट आला. पेटी गेली म्हणजे इंग्रजांचा वारसा टाकला, असे समाधानही व्यक्त झाले. परंतु पेटी टाकली तरी ‘बजेट’ हा शब्द राहिलाच, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी चामड्याची थैली असा आहे!

हा शब्द ना धड इंग्रजांचा, ना धड फ्रेंचांचा. आजच्या फ्रान्सच्या भूमीवर प्राचीन काळी राहणारे गॉल लोक चामड्याच्या पिशवीला जो शब्द वापरीत, तो लॅटिनने ‘बुल्गा’ या रूपात उचलला. जुन्या फ्रेंच भाषेत त्याचे ‘बूज’ झाले आणि लहान थैलीसाठी ‘बूजेत’ हा लडिवाळ शब्द तयार झाला. पंधराव्या शतकात तो खाडी ओलांडून इंग्लंडात गेला. तेथे सुमारे तीन शतके प्रवाशाची, फेरीवाल्याची, कारागिराची थैली एवढाच त्याचा अर्थ होता. राज्याच्या तिजोरीशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जुळला एका कुचेष्टेतून. १७३३ साली इंग्लंडचे मुख्यमंत्री रॉबर्ट वॉलपोल यांनी दारू आणि तंबाखू यांवरील अबकारी कराची योजना आणली, तेव्हा विरोधकांनी ‘थैली उघडली’ अशा अर्थाच्या मथळ्याची एक पुस्तिका छापली. बाजारात उभा राहून थैलीतून रामबाण औषधाच्या पुड्या काढणारा भोंदू वैदू, असे वॉलपोलचे चित्र तीत रंगविले होते. लोकक्षोभापुढे वॉलपोलला ती योजना मागे घ्यावी लागली. मात्र थट्टेतला शब्द टिकला. अर्थमंत्री वर्षाचा हिशेब मांडू लागले की ते ‘थैली उघडतात’ असे म्हणण्याचा प्रघात पडला. येथे भर ‘थैली’वर नाही, ‘उघडण्या’वर आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच शब्द नवा अर्थ घेऊन माहेरी परतला. फ्रान्समध्ये तोवर राजाचे जमाखर्च हे राजाचे गुपित होते. १७८१ साली अर्थखाते सांभाळणारे नेकर यांनी ते प्रथमच छापून प्रसिद्ध केले आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्या हिशेबात एक कोटी लिव्हरांची शिल्लक दाखविली होती. अमेरिकेतील युद्धावरील असाधारण खर्च मात्र त्यातून वगळलेला होता. थैली उघडली, पण अर्धीच. तिजोरीचे खरे रूप उघडे पडले तेव्हा राजाला १७८९ साली प्रतिनिधिसभा बोलवावी लागली आणि पुढे क्रांती झाली. त्याच वर्षीच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चौदाव्या कलमाने कराची आवश्यकता तपासण्याचा, त्याला संमती देण्याचा आणि त्याचा विनियोग कसा होतो हे पाहण्याचा हक्क नागरिकांना दिला. ‘बजेट’ या शब्दाला लोकशाहीचा आशय लाभला तो येथे.

हिंदुस्थानात हा शब्द आला तो मात्र या आशयाविना. १८५७च्या उठावाने रिकाम्या झालेल्या तिजोरीची भरपाई करण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० साली येथील पहिले बजेट मांडले व प्राप्तिकर लादला. कर देणाऱ्यांचा निवडून दिलेला एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात बजेटवर प्रथम बोलले, तेव्हाही सभासदांना चर्चेपुरतीच मुभा होती; मतदानाचा अधिकार नव्हता. सरकार शिलकी बजेटाची फुशारकी मारीत होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक वसूल केले म्हणूनच ही शिल्लक उरली, हे गोखल्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. मिठावरील कर तेव्हा मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपयावर आला. हाती मत नसताना केवळ अभ्यासाच्या बळावर थैलीत डोकावणाऱ्यांचे हे यश होते.

आज हाती मत आहे. डोकावण्याची इच्छा आहे काय? संसदेत याच संदर्भात दुसरा एक फ्रेंच शब्द रूढ आहे : ‘गिलोटिन’. क्रांतिकाळातील शिरच्छेदाच्या यंत्राचे हे नाव. चर्चेसाठी ठरविलेली मुदत संपली की उरलेल्या सर्व खात्यांच्या मागण्या एकाच फटक्यात मताला टाकतात, त्याला हे नाव आहे. २०१३ आणि २०१८ साली बजेट चर्चेविना संमत झाले. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च लोकसभेने गोंधळात, एकाही खात्यावर चर्चा न करता संमत केला. घोषणा सत्ताधारी बाकांवरून होत होत्या, तशाच विरोधी बाकांवरूनही. तेव्हा हा दोष कोणा एकाच पक्षाच्या माथी मारता येणार नाही.

याहून गंभीर गोष्ट थैलीत लपवून आणलेल्या मालाची आहे. निवडणूक रोख्यांची योजना २०१७च्या वित्त विधेयकातून आणण्यात आली. ते धनविधेयक असल्यामुळे राज्यसभेला ते रोखण्याचा अधिकार नव्हता. पक्षांना कोण किती पैसा देतो हे मतदारापासून झाकणारी ही योजना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये घटनाबाह्य ठरविली. परंतु मधली सात वर्षे जनतेची थैली थैलीशहांच्या सोयीसाठी राबली, त्याचे काय?

मराठीने ‘बजेट’ला ‘अर्थसंकल्प’ हा भारदस्त पर्याय दिला आहे. संकल्प सोडायचा तर तो चारचौघांच्या साक्षीने, मोठ्याने उच्चारून सोडावा लागतो. मनातल्या मनात किंवा गलबल्यात सोडलेल्या संकल्पाला अर्थ नसतो. प्रत्येक प्रमुख खात्याच्या मागणीवर चर्चेचे दिवस राखून ठेवणे, ते गोंधळात वाया गेल्यास अधिवेशन वाढविणे आणि कराशी वा खर्चाशी संबंध नसलेली कलमे वित्त विधेयकात घुसडू न देणे, एवढे तरी झाले पाहिजे. विधानसभेतील पुरवणी मागण्यांना आणि ग्रामसभेपुढे येणाऱ्या पंचायतीच्या अंदाजपत्रकालाही हाच न्याय लागू आहे. पेटी चामड्याची असो की कापड लाल असो. आतला पैसा रोजचा बाजारहाट करताना कर भरणाऱ्यांचा आहे. थैली त्यांच्या डोळ्यांदेखत उघडली गेली नाही, तर १७३३ सालचा तो बाजारातला वैदू अजून आपल्या पुड्या विकतोच आहे, असे म्हणावे लागेल.