खरखर मोठी करून मिळेल

मोटारीची शोभा वाढवणाऱ्या सामानाच्या दुकानात भल्या माणसाने पाऊल टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. हे मत मला ६५० रुपयांना पडले.

झाले असे, की आमच्या गाडीतला रेडिओ एकाएकी घोगरा झाला. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे. दर मंगळवारी ते माझ्याबरोबर दवाखान्यात येतात ते डॉक्टरांच्या ओढीने नव्हे, वाटेत विविधभारती ऐकायला मिळते म्हणून. ३ ऑक्टोबर १९५७ ला ती सुरू झाली, तेव्हापासूनचा त्यांचा हा संसार. आणि आता गाणे सुरू झाले की मागे कोणीतरी भजी तळत असल्याचा आवाज!

दुकानदाराने गाडीकडे न बघताच निदान केले. “बूस्टर टाका, साहेब. आणि ही काठी आता कोण लावतं?” टपावरची पाऊण मीटरची काठी उपटून त्याने तिथे अंगठ्याएवढी ठेंगणी अँटेना बसवली, खाली बूस्टर जोडला आणि वर मोबाइलचा एक चार्जर फुकट दिला.

रेडिओ गर्जू लागला. पण आता भजी आमच्याच गाडीत तळली जात होती! शिवाय भर शहरात एका स्टेशनवरची बाई दुसऱ्या स्टेशनच्या जाहिरातीत घुसून बोलू लागली. आसपासची स्टेशने मुळातच जोरात येत असताना त्यांना आणखी जोर दिला, की बिचारा सेट गुदमरतो.

शेवटी गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला शरण गेलो. तो हसला. “साहेब, गाणं कुठलं आणि खरखर कुठली, हे बूस्टरला काय कळतंय? येईल ते वाढवतो.” त्याने आधी तो फुकटचा चार्जर उपटला. निम्मी भजी तिथेच थांबली! मग अँटेनाचे बूड उघडून, गंजलेल्या पत्र्याकडे बोट दाखवत तो म्हणाला, “अर्थच लागत नाहीये.” आमच्या रेडिओबद्दल इतके नेमके कोणी बोलले नव्हते. पॉलिश पेपरने गंज घासला, जुनी काठी परत लावली, बूस्टर काढून माझ्या हातात ठेवला. शंभर मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पाऊण मीटरची काठी तिला मानवते. अंगठ्याने ती कशी धरणार?

आता तुम्ही म्हणाल, बूस्टर अगदीच कुचकामी का? तसे नाही. लांबलचक केबलमध्ये सिग्नल झिजत असेल, तर अँटेनाच्या मुळाशी बसवलेला बूस्टर ती झीज भरून काढतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तो कारखान्यातूनच बसून येतो. मग हौसेने बाहेरचा सेट बसवताना त्याला वीज देणारी वायर जोडायची राहते आणि मालक दुसरा बूस्टर घ्यायला धावतो! शिवाय एफ.एम.च्या लहरी साधारण सरळ रेषेत जाणाऱ्या. खंडाळ्याच्या घाटात डोंगराआड जे पोचलेच नाही, ते बूस्टर कुठून आणणार? शून्याला दहाने गुणा नाहीतर हजाराने.

पण आपल्याला गुणाकाराचीच हौस. लग्नाच्या हॉलमध्ये शब्द कळत नाही, की कोणीतरी ओरडतो, “आवाज वाढवा!” वाढलेल्या आवाजात तोच शब्द आणखी जोरात कळत नाही. गंज घासायला कोणी तयार नाही.

हा सगळा प्रकार वडिलांना सांगितला. मला वाटले, ६५० रुपयांवरून बोलणी बसणार. ते शांतपणे म्हणाले, “अरे, माझ्या कानाच्या मशीनबद्दल मी हेच सांगत होतो. तुम्ही म्हणता, आवाज वाढवा. त्यात कुकरची शिट्टीसुद्धा वाढते. त्यापेक्षा जरा समोर येऊन बोलत जा ना!”

गेली दोन वर्षे मी त्यांच्याशी स्वयंपाकघरातून ओरडून बोलत होतो. ऐकू गेले नाही, की आणखी ओरडत होतो. म्हणजे घरातला बूस्टर मीच!

आता मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि हळू बोलतो. त्यांना सगळे ऐकू येते. पूर्वी न ऐकू येणाऱ्या माझ्या चुकासुद्धा. मंगळवारी गाडीत मात्र मी गप्प असतो. तिथे विविधभारती बोलते.

बूस्टर कपाटात पडून आहे. कोणाला हवा असल्यास अर्ध्या किमतीत देईन. चार्जर फुकट.