बालाघाटच्या दऱ्यांचा ताळेबंद

मराठवाडा म्हटले की उघडे माळ, भेगाळलेली जमीन आणि पाण्याचे टँकर एवढेच चित्र उर्वरित महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. धाराशिव जिल्ह्यातून गेलेली बालाघाटची डोंगररांग ज्याने श्रावणात पाहिली असेल, त्याला हा अपुरेपणा चटकन जाणवेल. येडशीजवळच्या रामलिंगच्या घळीत महादेवाच्या देवळामागे कोसळणारे पाणी, नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या बांधावरून झेपावणारे नर आणि मादी हे दोन धबधबे, धाराशिव शहरालगतच्या डोंगरकपारीत कोरलेली प्राचीन लेणी, ही सारी या रांगेचीच देणगी होय. अलीकडे ती पाहण्यासाठी सोलापूर, लातूर, बार्शीपासून वाहनांची रीघ लागते, आणि जिल्ह्याच्या विकासाची चर्चा निघाली की ‘पर्यटन’ हा शब्द हमखास उच्चारला जातो.

हा शब्द उच्चारणे सोपे आहे. त्याचा जमाखर्च मांडणे मात्र अवघड. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातील जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिम यांच्या पंक्तीला हा जिल्हा बसविण्यात आला होता. अशा जिल्ह्याला उत्पन्नाचे कोणतेही नवे साधन नाकारता येणार नाही. परंतु ते उत्पन्न कोणाच्या पदरात पडते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला विकास म्हणणे धाडसाचे ठरेल.

प्रथम या दऱ्यांचे खरे मोल कशात आहे ते पाहिले पाहिजे. बालाघाट ही या भागाची पाणलोटाची मुख्य धार आहे. तिच्या पूर्वेस पडलेला पावसाचा थेंब तेरणेतून मांजरेला आणि पुढे गोदावरीला मिळतो. पश्चिमेस व दक्षिणेस पडलेला सीना किंवा बोरीवाटे भीमेत आणि शेवटी कृष्णेत जातो. दोन महानद्यांना पाणी वाटून देणारा हा डोंगर आहे. असे असूनही धाराशिव शहराची तहान भागविण्यासाठी भीमेवरच्या उजनी धरणातून पाणी उपसून चढावर आणावे लागते, आणि जिल्ह्याच्या शेतीची भिस्त कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेवर ठेवावी लागते. डोंगरावरून उतरलेले पाणी खाली जाऊ द्यायचे आणि तेच खर्च करून पुन्हा वर चढवायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

पूर्वीच्या राज्यकर्त्यांना हे गणित निराळ्या रीतीने कळले होते. नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. पाहणाऱ्याला तो शोभेचा महाल वाटतो. वस्तुतः तो एका धरणाच्या पोटात बांधलेला आहे. नदी अडविण्याचे काम आणि डोळ्यांना सुख देण्याचे काम तेथे एकाच चिरेबंदी भिंतीने केले. पाणी आधी आणि शोभा नंतर, हा त्या बांधकामातला क्रम आजच्या नियोजनात मात्र नेमका उलटा झालेला दिसतो.

पाण्याचा हा प्रश्न केवळ टंचाईचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यातील परंडा आणि भूम भागांत अतिवृष्टी झाली, नद्यांनी गावे वेढली आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढण्याची वेळ आली. इतका पाऊस कोणतेही जंगल पूर्णपणे जिरवू शकत नाही, हे खरे. परंतु उतारावर झाडी, गवत आणि माती टिकलेली असेल, तर पाण्याचा वेग मंदावतो आणि त्याचा काही भाग जमिनीत मुरून पुढे विहिरींना उपयोगी पडतो. उतार उघडा असेल, तर पाण्याबरोबर शेताची मातीही वाहून जाते. दुष्काळ आणि महापूर ही एकाच उघड्या डोंगराची दोन अपत्ये आहेत, असे म्हटल्यास ते फारसे चूक ठरू नये.

आणि असे जंगल या जिल्ह्यात उरले आहे तरी किती? राज्यात वनाच्छादन अत्यल्प असलेल्या जिल्ह्यांत धाराशिवची गणना होते. येडशी-रामलिंग घाट अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या जिल्ह्यात हा वाटा हजारी तीन इतकाच भरतो. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ सुमारे ५०० किलोमीटर चालून याच चिमूटभर जंगलात येऊन पोहोचला. त्याला पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलविण्यासाठी वनखात्याने पथके आणली, आणि त्याने त्यांना दीर्घकाळ हुलकावणी दिली. या घटनेची वर्तमानपत्रांतून कौतुकमिश्रित भीतीने चर्चा झाली. तिचा अर्थ मात्र सरळ आहे. या घळींमध्ये अजून सावली, पाणी आणि भक्ष्य शिल्लक आहे. ज्याला माणूस ओसाड समजतो, त्याची वाघाने केलेली पारख अधिक अचूक निघाली.

आता पर्यटनाच्या जमाखर्चाकडे वळावे. धबधबे वाहतात ते आषाढापासून आश्विनापर्यंत, म्हणजे वर्षातले फार तर चार महिने. आणि गर्दी होते ती बहुतेक रविवारी व श्रावणी सोमवारी. येणारा प्रवासी पैसे खर्च करतो, पण कोठे? इंधन तो आपल्या शहरात भरतो. पाण्याची बाटली आणि वेफर्सची पुडी कारखान्यातून येते आणि गावच्या टपरीवाल्याला त्यावर चार-दोन रुपये सुटतात. अर्थशास्त्रात याला गळती म्हणतात. पैसा मात्र गळून जातो आणि बाटली व पुडी दरीतच राहतात. त्या उचलण्याचा खर्च, तुडविलेल्या उताराची झीज, माकडांना लागलेल्या आयत्या खाण्याच्या सवयीमुळे शेजारच्या शेतांना होणारा उपद्रव, हे सारे गावाच्या खाती जमा होते. जो उपभोग घेतो तो किंमत देत नाही आणि जो किंमत देतो त्याला उपभोग नाही, असा हा विषम व्यवहार आहे.

सुरक्षिततेचीही गोष्ट विसरता येत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ धबधब्याच्या अचानक वाढलेल्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वर पाऊस पडतो आणि खाली दरीत पाणी वाढते, ते पुष्कळदा खालच्या माणसाला कळण्याच्या आत. अशा ठिकाणी धोक्याच्या पाटीपेक्षा त्या ओढ्याचा स्वभाव ओळखणारा गावातला माणूस अधिक उपयोगी पडतो.

यावर उपाय म्हणून प्रवेशच बंद करावा, असे सुचविणारे लोक आहेत. उलट काचेचे पूल आणि उपाहारगृहे उभारावीत, असे मानणारेही आहेत. दोन्ही टोके टाळण्याजोगी आहेत. सामायिक मालमत्तेचा शेवटी नाशच होतो, असे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अनेक देशांतील जंगले, कुरणे आणि कालवे अभ्यासून दाखविले की, ज्यांचे जीवन त्या मालमत्तेवर अवलंबून आहे त्यांना नियम करण्याचा आणि ते अमलात आणण्याचा अधिकार मिळाला, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना या कार्यासाठी मिळाले. महाराष्ट्रातही याचे प्रत्यंतर आहे. साताऱ्याच्या कास पठारावर भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याच्या सोबतीने शुल्क घेतात आणि दररोज येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात. अकोले तालुक्यातील सांदण दरीत साम्रदचे तरुण वाटाडे होतात आणि पाहुण्यांना गावातल्या घरी जेवण मिळते.

रामलिंग आणि नळदुर्ग परिसरात असे करण्यास कोणती अडचण आहे? पहिला आक्षेप असा की रामलिंग हे देवस्थान आहे. भाविकाकडून पैसे कसे घ्यावेत? आक्षेप रास्त आहे. म्हणून शुल्क माणसावर न बसविता वाहनावर बसवावे. पायी किंवा एसटीने येणाऱ्यास ते लागू नये. दुसरा आक्षेप असा की, समिती म्हणजे गावच्या राजकारणाला नवे कुरण. त्यावर उतारा एकच, पै-पैचा हिशेब ग्रामसभेत जाहीरपणे वाचून दाखविणे.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. धबधबा आटतो त्याच सुमारास, दसरा-दिवाळीनंतर, या डोंगरी भागातील अनेक कुटुंबे उसाच्या फडाकडे निघतात. चार महिन्यांचे पर्यटन हे स्थलांतर थांबवील, असे सांगणे ही फसवणूक होईल. परंतु पावसाळ्यात जमा झालेला निधी उन्हाळ्यात त्याच उतारावर समतल चर खणण्यासाठी, गवत राखण्यासाठी आणि रोपे जगविण्यासाठी मजुरीच्या रूपाने खर्च झाला, तर निदान काही घरांना कुलूप लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात ज्या राज्याने रोजगार हमीची कल्पना प्रत्यक्षात आणली, त्याला ही जोडणी अपरिचित नाही.

तुळजापूरच्या विकास आराखड्याला राज्य शासनाने २०२५ मध्ये मंजुरी दिली असून त्याचा खर्च शेकडो कोटींच्या घरात आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा ८४ किलोमीटरचा लोहमार्ग पूर्ण झाल्यावर येणाऱ्यांची संख्या वाढणार, हे उघड आहे. देवीला आलेला यात्रेकरू दोन घटका नळदुर्ग किंवा रामलिंगकडे वळेल, हेही स्वाभाविक आहे. म्हणजे गर्दी येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती येण्यापूर्वी दरीची राखण कोणाच्या हाती द्यायची आणि तिचे उत्पन्न कोणत्या खात्यात लिहायचे, एवढेच ठरवायचे आहे. रस्ते आणि भक्तनिवास यांसाठी निधी मिळतो. त्या निधीचा एक लहानसा हिस्सा डोंगराच्या उतारासाठी राखून ठेवला, तर तो अनाठायी ठरणार नाही. धबधबा हे डोंगराचे व्याज आहे. मुद्दल म्हणजे वरची माती आणि झाडी. ते सांभाळले तरच व्याज दरवर्षी मिळत राहील.